हबीबचाचांची चादर

"बरं चाचा, 'सुंदर' म्हणायला इंग्रजीत किती शब्द असतील? सांगा बघू!"

हबीबचाचा लेण्याच्या ओट्यावर बसून चादरीची घडी उलगडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग, बेटा."

झालं! आमचा प्रमोद तायडे सुटला. ब्युटिफुल, गॉर्जस, एक्स्क्विझिट, रेस्प्लेंडंट, इथिरियल, सबलाइम... दम खायला थांबला आणि पुन्हा सुटला. खोटं कशाला बोलू, ऐकून माझी छाती दडपली. मला इंग्रजी येतं ते 'कम' आणि 'थँक्यू' एवढंच.

चाचा आमच्या लेण्यांवरचे सगळ्यांत जुने गाइड. तेव्हा आत वीज नव्हती. मी दाराबाहेर उन्हात आरसा धरायचो आणि कवडसा आत सोडायचो. आत चाचा पांढरी चादर ताणून उभे राहायचे. ऊन आधी चादरीवर पडायचं आणि तिथून मऊ होऊन भिंतीवरच्या चित्रावर. थेट कवडसा चित्रावर टाकलेला त्यांना खपायचा नाही. एकदा माझा हात चुकला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आता चाचांचे गुडघे गेले होते. पायऱ्या चढायचा हा त्यांचा शेवटचा दिवस. ज्याच्या हातात ते चादर देतील त्याने यापुढे हे अंधारं लेणं दाखवायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रमोदचा तर जीव त्या चादरीत अडकला होता. त्यासाठी तो शहरात राहून ॲडव्हान्स इंग्रजीचा क्लास करून आला होता. म्हशीला वैरण टाकतानाही शब्द पाठ करायचा. पोराने घाम गाळला होता, ते कोण नाकारेल?

"एवढे शब्द तुम्हालाही येत नसतील, चाचा," तो म्हणाला.

मी जीभ चावली. अरे, गुरूशी असं बोलतात का!

चाचा मात्र हसले. "नसतील."

"मग चादर माझीच ना?"

"पाहुण्या बाई येतायत. त्यांना आतलं दाखव. मग बघू."

पायऱ्यांवरून एक गोरी म्हातारी बाई काठी टेकत येत होती. केस पांढरेशुभ्र. एवढ्या लांबून ती हे एकच लेणं बघायला आली होती आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होती.

मी आरसा धरला. चाचांनी आत चादर ताणली. प्रमोदने केसांवरून हात फिरवला आणि सुरुवात केली.

भिंतीवर राजाचा दरबार आहे. सगळे राजाकडे बघतात. फक्त कोपऱ्यात एक दासी आहे, हातात ताट घेतलेली, ती मान वळवून आपल्याकडे बघते. चाचा नेहमी तिच्यासमोरच जास्त वेळ थांबायचे.

प्रमोदही तिच्यासमोरच थांबला. आणि काय बोलला! शब्दांची नुसती सरबत्ती. इंग्रजी मला कळत नाही, पण हा गडी जोरात आहे एवढं कळत होतं. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि मान डोलवत होती. भली बाई असावी.

मला बाहेरून एक गोष्ट दिसत होती, ती त्याला दिसत नव्हती. बोलण्याच्या भरात तो चादर आणि भिंत यांच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. दासीच्या तोंडावर त्याचीच सावली पडली होती. तो हात उडवायचा, तशी सावलीही हात उडवायची.

मला ओरडावंसं वाटलं. पण चाचा गप्प होते, मग मी कोण बोलणारा?

शेवटी "सबलाइम!" म्हणून तो थांबला आणि मोठ्या ऐटीत चाचांकडे वळला.

बाईंनी हळूच काहीतरी विचारलं. प्रमोदचा चेहरा खाडकन उतरला.

"काय म्हणाल्या रे?" मी बाहेरून विचारलं.

चाचांनीच सांगितलं, "विचारतायत, चित्र कुठे आहे?"

...

मला वाटलं, गेली चादर. प्रमोदलाही तसंच वाटलं असणार. पोरगा रडायच्या बेतात होता.

चाचांनी चादरीची दोन्ही टोकं त्याच्यापुढे केली. "बेटा, ही जरा धर. माझे हात दुखतायत."

प्रमोद मुकाट्याने बाजूला झाला. चादर धरून उभा राहिला.

"एकनाथ," चाचांनी मला हाक मारली, "जरा डावीकडे घे."

मी आरसा वळवला.

आई शप्पथ सांगतो, इतकी वर्षं मी आरसा धरला, पण तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. अंधारातून आधी ताट वर आलं. मग बोटं. मग गाल. मग डोळे असे उघडले, जणू आत्ताच कुणीतरी तिला मागून हाक मारली असावी. हात थरथरला तर ती जाईल, या भीतीने मी श्वास रोखून धरला.

बाईंची काठी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.



"चाचा..." बऱ्याच वेळाने प्रमोदचा आवाज आला. अगदी बारीक. "हिचे ओठ बघा ना."

"हं."

"काहीतरी बोलणार होती ही. आणि थांबली."

"हं."

"मी लहानपणापासून इथं येतोय, चाचा. मला कसं दिसलं नाही?"



बाई प्रमोदकडे वळल्या. डोळे भरून आले होते. त्यांनी दासीच्या ओठांकडे बोट केलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. आता तू काहीतरी सांग, असंच ते बघणं होतं.

प्रमोदने तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं.

एवढा पाठांतराचा पठ्ठ्या, पण एक शब्द फुटेना.

"चाचा," तो कळवळून म्हणाला, "हे असं ओठांपर्यंत येऊन थांबलेलं... याला इंग्रजीत काय म्हणतात?"

चाचांनी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे तसं बघताना पाहिलं नव्हतं.

"आयुष्यभर तोच शब्द शोधतोय, बेटा," ते म्हणाले. "अजून सापडला नाही."

मग त्यांनी बाईंची काठी उचलून त्यांच्या हातात दिली, दासीला सलाम केला आणि भिंतीचा आधार घेत दाराकडे निघाले. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता.

"चाचा!" आतून प्रमोदची हाक आली. "तुमची चादर राहिली!"

चाचा पायरीवर थांबले. मागे वळले नाहीत.

"हलवू नकोस. पाहुण्यांचं अजून बघून व्हायचंय."