छोट्या स्पीकरची धास्ती

वस्तू माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गोदाजींच्या जीपचा स्पीकर फाटला, म्हणून त्यांनी दुकानातून एक चकचकीत छोटा स्पीकर आणला.

जीपमधल्या स्टिरिओने त्याला विचारलं, "मी पन्नास वॅट सोडतो. तुला झेपेल?"

छोट्याला जेमतेम वीस झेपत होते. पण नको म्हणून परत पाठवतील, या भीतीने तो म्हणाला, "झेपेल की."

मिस्त्रीने जुना स्पीकर बाहेर काढला. त्याच्या पडद्याच्या चिंध्या झाल्या होत्या. ते पाहून छोट्याने विचारलं,

"काका, तुम्हाला किती झेपायचे?"

"तीस," जुना घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मीही खोटं सांगितलं होतं."

मिस्त्री वायर जोडू लागला. "थांबा," छोटा कसाबसा म्हणाला, "मला वीसच झेपतात."

गोदाजींनी त्याला दुकानात परत देऊन साठ वॅटचा स्पीकर घेतला. आपल्याला आता कोण नेणार, ही धास्ती छोट्याला राहिली. पण ती सांगायला त्याचा आवाज शाबूत होता.