संमतीचा चौकोन

"गुन्हा आहे का तो, बाबा? तेवढंच सांगा."

शशिकांत टिळेकरांनी चपला काढायच्या आधीच विचारलं. पतसंस्थेचे मॅनेजर. पापाची चौकशी करायलाही माणूस केवढ्या घाईत येतो! आमचे बाबा संन्यास घेऊन या टेकडीवर येण्याआधी बावीस वर्षं वकिली करत होते, म्हणून प्रश्न कायद्याचा.

"काय केलंस?"

"आमच्या रेवतीचं लग्न ठरलं होतं, निषादशी. लग्नाच्या नोंदणीसाठी त्यानं पॅनकार्डाची प्रत दिली. मी... ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला, कर्जफेडीची कुंडलीच म्हणा."

"त्याला विचारून?"

"नाही. 'ग्राहकाची संमती आहे' असा चौकोन असतो. त्यात खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती मीच केली."

बाबा सुपात शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

"काय निघालं?"

"काही नाही हो! सोन्यासारखा मुलगा. एक हप्ता चुकलेला नाही. मी घरी पेढे घेऊन गेलो."

"मग?"

"रिपोर्ट कुणी पाहिला, त्याचीही नोंद राहते. महिन्याभरानं त्यानं स्वतःचा काढला, तर आमच्या पतसंस्थेचं नाव. त्यानं कर्ज मागितलंच नव्हतं... लग्न मोडलं त्यानं. रेवती तीन आठवडे माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते."

"गुन्हा आहे," बाबा म्हणाले. "खूण करतानाच ठाऊक होतं तुला."



"झक मारली आणि ते बटण दाबलं. लेकीचं वाटोळं केलं मी. बाबा, मला माफी हवी..."

बाबांनी सूप बाजूला सारलं.

"मिळाली. निषादनं तुला माफ केलं."

टिळेकर ताडकन सरळ बसले. डोळे भरून आले बिचाऱ्यांचे.

"आला होता तो इथं? काय म्हणाला?"

"आला नव्हता."

"मग फोन?"

"नाही. त्याच्या वतीनं मीच हो म्हणून टाकलं."

टिळेकर चिडले. खरंच चिडले.

"असं कसं, बाबा! त्याच्या मनातलं ठरवणारे तुम्ही कोण? त्याला विचारायला नको?"

बोलले, आणि हात तोंडावर गेला.

खाली रस्त्यावरून एसटी गेली.

बाबांनी सूप पुन्हा पुढं ओढलं.

"मग माझ्या दारात काय बसलायस?"