मुक्या डोंगरावरची हाक

फार पूर्वी, डोंगर कुणाच्या मालकीचे नसत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरावर पुष्कळ सांबरं होती. थंडी पडली की नर माद्यांना हाका देत आणि त्या हाका ऐकत पायथ्याची गावं जेवायला बसत.

डोंगर सगळ्यांचा, म्हणून शिकारही सगळ्यांची. कुणीतरी वेळूची नळी फुंकून हुबेहूब सांबराची हाक काढली. भुलून सांबर समोर आलं की बाण सुटायचा. मग काय, घरोघरी नळ्या झाल्या. सांबरं काही खुळी नव्हती. जी उरली, ती मुकी झाली. डोंगर गप्प झाला, तसे शिकारीही यायचे थांबले.

एक शिकारी मात्र यायचा. लहानपणी ऐकलेली हाक त्याच्या कानातून जात नव्हती. "एकदा ऐकली की सुटलो," असं तो बायकोला सांगायचा. ती म्हणायची, "दरसाल हेच म्हणता."

एका संध्याकाळी डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरून हाक आली. त्याने नळी फुंकली, उत्तर आलं. फुंकत, थांबत, काट्यांतून सरपटत तो खिंडीत पोचला आणि बाण लावून उभा राहिला. समोरच्या झुडुपातून एक म्हातारा बाहेर आला. हातात ताणलेलं धनुष्य, गळ्यात नळी.

"मला वाटलं, खरंच सांबर आहे," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"मलाही तेच वाटलं, बाबा."

"उद्याही फुंकशील का रे? खोटी का असेना, डोंगरावर हाक तर होते."

तेव्हापासून दर थंडीत हा या सोंडेवरून हाक द्यायचा, म्हातारा त्या सोंडेवरून. धनुष्यं घरीच राहू लागली. लोक दोघांना वेड्यात काढत.

मग एका पावसाळ्यात म्हातारा गेला. थंडी आली तेव्हा शिकाऱ्याला घरी बसवेना. आता एकट्याने जायचं, म्हणून त्याने धनुष्य बरोबर घेतलं. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही त्याने नळी फुंकली.

उत्तर आलं.

कारवीच्या झुडुपांतून शिंगं दिसली. सांबर न भिता समोर येऊन उभं राहिलं. इतकी वर्षं या नळ्यांमागून बाण आला नव्हता ना. शिकाऱ्याचा हात सवयीने धनुष्याकडे गेला. तेवढ्यात सांबराने पुन्हा हाक दिली आणि त्याला म्हातारा आठवला. हे म्हाताऱ्याने ऐकायला हवं होतं. त्याने धनुष्य खाली ठेवलं आणि तो दगडावर बसून मनसोक्त रडला.

घरी बायको दारातच उभी होती. "खाली ऐकू आली मला," ती म्हणाली. "मग, सुटलात का?"

"छे गं. उद्या परत जायचंय."

तात्पर्य: आपल्या धाकाने जे गप्प झालं, ते पुन्हा बोलावं असं वाटत असेल, तर आधी बाण खाली ठेवावा आणि मग पुष्कळ वाट बघावी.