भुरीने मान फिरवली

एका माळावर, म्हणजे पार तिकडे आफ्रिकेत, शेदोनशे रानम्हशींचा एक कळप राहत होता.

या कळपाची एक रीत होती. दुपारभर सगळ्या म्हशी रवंथ करत बसायच्या. ऊन कललं की एकेक म्हैस उठायची, जिकडे जावंसं वाटतं तिकडे तोंड करून जराशी थांबायची आणि पुन्हा बसायची. ज्या दिशेला जास्त तोंडं, त्या दिशेला कळप निघायचा. रेड्यांना यात कोणी विचारत नसे. त्यांना देवाने शिंगं दिली होती, तेवढी त्यांना पुरे होती.

त्या कळपात भुरी नावाची एक म्हैस होती. दोन पारडं गेल्यावर तिला एक पारडी झाली होती, तीन महिन्यांची. भुरीचा सगळा जीव त्या पारडीत.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. माळावर दोनच ठिकाणी पाणी उरलं. एक तळं, हाकेच्या अंतरावर. आणि एक नदी, टेकडीपलीकडे, चालून चालून खूर झिजतील इतकी लांब.

एके सकाळी पारडीला शेजारच्या बांडी नावाच्या म्हशीजवळ बसवून भुरी एकटीच तळ्यावर डोकावून आली. तळ्यात पाणी ताटाएवढं उरलं होतं आणि भोवती नुसता चिखल. त्या चिखलात एक झेब्रा पोटापर्यंत रुतून मेला होता. काठचं गवत कोणीतरी बसून बसून दाबलेलं होतं, आणि लव्हाळ्यातून सिंहिणींचा ताजा वास येत होता.

भुरी आल्या पावली परत फिरली. आज काही झालं तरी नदीच, असं तिने ठरवलं. कुठे जायचं ते बोलून दाखवायची कळपात रीत नव्हती. जे काय सांगायचं ते उठून, तोंड करून सांगायचं.

ऊन कललं. सगळ्यांत आधी थोरली म्हैस उठली आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठोपाठ चौघी उठल्या. त्यांचीही तोंडं तळ्याकडे.

मग भुरी उठली. तिने नदीकडे तोंड केलं.

"अगं बाई, नदी!" एक तरणी म्हैस फिसकन हसली. "भुरीबाईंना अजून पायांत बळ आहे हो!"

"एवढीशी पारडी घेऊन टेकडी चढणार?" दुसरी म्हणाली.

थोरलीने भुरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाचामुखी परमेश्वर असतो, बाई."

भुरीने आजूबाजूला पाहिलं. नदीकडे तोंड केलेली ती एकटीच होती. दोनशे डोळे आपल्याच पाठीवर आहेत असं तिला वाटलं. एवढ्या जणी म्हणतात, तर माझंच काही चुकत असेल, असं तिने मनाला सांगितलं. खरं तर असं काही वाटलं नव्हतं. तिला लाज वाटली होती, एवढंच.

तिने मान फिरवली. नुसती मान. पाय नदीकडेच होते, पण कळपात मोजतात ती तोंडं.

कळप तळ्याकडे निघाला. पारडी तहानेने कासावीस झाली होती. पाण्याचा वास येताच ती धावत पुढे गेली आणि पोटापर्यंत चिखलात रुतली. लव्हाळं हललं. सिंहिणी बाहेर आल्या, त्याही सावकाश, घाई नसल्यासारख्या. म्हशी शिंगं रोखून धावल्या. एरवी अशा धावल्या की सिंहसुद्धा शेपूट घालून पळतो. पण पुढच्या तिघी गुडघ्यापर्यंत चिखलात बसल्या आणि मागच्या जागीच थिजल्या. भुरी रुतत रुतत निम्म्यापर्यंत पोचली. पारडीने दोनदा हाक मारली. तिसरी हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या भुरीभोवती जमल्या. समजूत घालायला.

बांडी म्हणाली, "मला तर परवाच वास आला होता, गं. तू नदीकडे तोंड केलंस तेव्हा मी उठतच होते. तू मान फिरवलीस, मग मी बसले."

"मीसुद्धा," कालची तरणी म्हैस हळूच म्हणाली. "तू एकटी पडलीस म्हणून हसले मी."

"मी तर तो झेब्रा बघितला होता," तिसरी म्हणाली.

भुरीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घातली. "माझे गुडघे दुखत होते. वाटलं, तळ्यावर काही बरं-वाईट असेल तर कोणीतरी नको म्हणेलच. तू म्हणालीस. मग तूच गप्प झालीस."

बोलायची वेळ काल होती, आणि काल भुरीने मूग गिळले होते.

त्या दुपारी भुरी उठून नदीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी कोणी हसलं नाही. एकूण एक म्हैस उठली आणि तिच्यासारखंच तोंड करून उभी राहिली. कळप टेकडी ओलांडून नदीवर पोचला आणि पोटभर पाणी प्याला. भुरीही प्याली. तिची कास दुधाने तटतटून दुखत होती, आणि लुचायला कोणी नव्हतं.

तात्पर्य: डोळ्यांनी पाहिलेलं खरं चारचौघींच्या तोंडाकडे बघून गिळू नये. त्या चारचौघीही तुमच्याच तोंडाकडे बघत बसलेल्या असतात.