चार देशांचा पक्षी

तो दिवस बुधवार होता की गुरुवार, हे नारोपंत दुभाष्यांना पुढे कधीच खात्रीनं सांगता आलं नाही. महाराजांच्या हातात विडा होता की गुडगुडी, हेही नाही. पण महाराज जे गरजले, ते मात्र लख्ख आठवत होतं.

"पंत, या पक्ष्याचा देश कोणता ते सांगा! नाहीतर उद्याच्या गलबतात बसा आणि शोधत फिरा!"

खाडी ओलांडायला होडीत बसलं तरी पंतांना भोवळ यायची, मग गलबतात काय होणार!

वेळणेर बंदराचे राजे रुद्राजीराव मोठे हट्टी. इंग्रज व्यापाऱ्यानं त्यांना एक विलक्षण पक्षी नजर केला होता. कोंबड्याच्या चौपट थोराड, डोक्याला टक्कल, गळ्याशी लाल कातडी लोंबणारी! दिवसभर पिसं फुलवून एकटाच नाचायचा. महाराजांना त्याची दया आली. त्याच्याच मुलुखातली मादी आणून त्याचं लग्न लावायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण मुलूख कोणता? त्यांनी त्या इंग्रजासकट बंदरातले चार गोरे व्यापारी बोलावले, आणि पंत एकेकाचं म्हणणं मराठीत सांगू लागले.

"महाराज, इंग्रज म्हणतो, हा टर्की. म्हणजे तुर्कस्तानचा."

"बरं."

"डच म्हणतो, काल्कून. म्हणजे कालिकतची कोंबडी."

"आँ?"

"पोर्तुगीज म्हणतो, पेरू."

"फळ?"

"देश, महाराज. पश्चिमेच्या समुद्रापलीकडचा. आणि फ्रेंच म्हणतो, दँद. म्हणजे..." पंतांचा आवाज खोल गेला. "म्हणजे हिंदुस्थानचा."

"हिंदुस्थानचा? मग आम्ही काय चीनमध्ये बसलोय? पक्षी एक आणि देश चार! हे चौघं तरी खोटारडे, नाहीतर तुम्ही तरी!"

पंतांना वाटलं, आपणच चुकलो असू. चार भाषा शिकण्यात जन्म गेला, तरी ऐन वेळी एकाही शब्दाची खात्री वाटत नव्हती. एवढ्यात पक्ष्याला दाणे टाकायला आलेली भिवरा फिस्सकन हसली. पाखरांची निगराणी तिच्याकडे असे.

"हसतेस काय गं मालवणीण?" महाराज खवळले.

"चौघंही खरं बोलतायत म्हाराज, आणि पंतपण. फक्त पक्षी यांतल्या एकाही गावचा नाही!"

"काहीतरी बरळू नकोस!"

"तुम्ही मला आत्ता काय म्हणालात? मालवणीण! गाव मला तेच म्हणतं. पण माझं माहेर घाटाखालच्या रानातलं. लग्नाला निघाले तेव्हा मालवणात होडीत बसले. इथं उतरले तशा बायका म्हणाल्या, कुठून आलीस गं? म्हटलं, मालवणातून. झाले मालवणीण! केस पिकले, पण मालवणात माझं एक माणूस नाही. आपल्याकडे सुनेला माहेराच्या नावानं हाक मारायची रीत, आणि माहेर ठरवतं कोण? होडी! पंत, जरा विचारा यांना, तुम्ही सांगितलेल्या देशात हा पक्षी स्वतः पाहिलात का?"

पंतांनी विचारलं. चौघांनीही नकारार्थी माना हलवल्या. कोणीच पाहिला नव्हता. कोणाच्या पणज्यानं तुर्की व्यापाऱ्याकडून घेतलेला, कोणी नुसतंच कुठून तरी ऐकलेलं.

"मग खरं माहेर कुठलं?" महाराजांनी पाय आपटला. "मला मादी हवी!"

"मिळेल की! आधी बारसं करूया. यांच्याच रीतीनं, ज्यानं आणला त्याचं नाव. आपल्याकडे हा आला इंग्रजाच्या गलबतातून. आजपासून याचं नाव इंग्रज! पंत, सांगा त्याला."

पंतांनी घाम पुसला. "भिवराबाई, हे... हे असंच्या असं सांगू?"

"असंच्या असं!"

पंतांनी चाचरत सांगितलं. इंग्रज व्यापाऱ्याची मान लाल झाली, गाल फुगले. नेमका तेव्हाच पक्षीही पिसं फुलवून गुरगुरला. डच, फ्रेंच आणि पोर्तुगीज पोट धरून हसू लागले.

"काय म्हणतोय तो?" महाराजांनी विचारलं.

"म्हणतो, हे नाव कृपा करून ठेवू नका! पुढच्या गलबतानं तो मादी आणून देईल. एक सोडून दोन!"

महाराज असे खदखदून हसले की त्यांचं पागोटं तिरकं झालं. "कुठून आणणार, ते मी विचारणारसुद्धा नाही!" त्यांनी अंगावरचा शेला काढून भिवराच्या खांद्यावर घातला. "आणि पंत, तुम्ही जमिनीवरच राहा!"

पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेच्या रानातला, हे पुढे एका पाद्र्याकडून पंतांना कळलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी वेळणेरला तुर्की खलाशी उतरले. थकलेले पंत काठी टेकत धक्क्यावर गेले आणि एकाला त्यांनी पक्ष्याचं चित्र दाखवलं. तुमच्या तुर्कस्तानात याला काय म्हणतात?

"हिंदी," खलाशी म्हणाला. "म्हणजे हिंदुस्थानचा."

पंतांनी आणखी दोघांना विचारून खात्री करून घेतली. हिंदीच.