चौथ्या विमानाचे कॅप्टन

एका तालुक्याच्या गावी एक विमानतळ होता. म्हणजे होते ते गवताचे मैदान. त्यावरच्या म्हशी हाकलल्या की त्याचा विमानतळ होत असे. गावाचे नाव बोरगव्हाण. तिथल्या फ्लाइंग क्लबने लढाईच्या काळातली चार विमाने जपून ठेवली होती. एकावर एक असे दोन मजली पंख, बसायची जागा उघडी, आणि इंजिने अशी की दस्तगीर मिस्त्रींचे दोन खरमरीत शब्द ऐकल्याशिवाय ती सुरू होत नसत.

या क्लबात कॅप्टन जयसिंगराव रणनवरे दाखल झाले. अडतीस वर्षे मोठाली प्रवासी विमाने चालवून ते निवृत्त झाले होते. गावात त्यांचा दबदबा एवढा की त्यांनी सहज आभाळाकडे पाहिले तरी लोक छत्री घेऊन बाहेर पडत.

त्या वर्षी क्लबला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. चारही विमाने शंकरपाळ्याच्या आकारात, एकमेकांच्या अगदी जवळून, गावावरून न्यायची असे ठरले. पुढे एक, दोन बाजूंना दोन, मागे एक. पुढचे विमान कोण चालवणार हा प्रश्न कॅप्टनसाहेबांना पडलाच नाही. ‘ताफ्याचे नेतृत्व : कॅप्टन रणनवरे’ असा फलक त्यांनी परस्पर रंगवून घेतला आणि एसटी स्टँडसमोर लावलाही. कार्यक्रमाला तेव्हा दोन महिने अवकाश होता.

अडचण एकच होती. क्लबात एक नियमांची वही होती आणि ती हंसाताई लोटलीकरांच्या हातात होती. हंसाताईंची उभी हयात विमानातून पिकांवर औषध फवारण्यात गेली होती. बुटक्या इतक्या की बसायला दोन उशा लागत. पण ताफ्यात कोण उडणार आणि कोण नाही, हे त्या ठरवत.

“कॅप्टनसाहेब, आधी मैदानात चालायचं,” त्या म्हणाल्या. “मग बारा उड्डाणं शेवटच्या जागेवर. मग परीक्षा.”

“ताई, माझे एकोणीस हजार तास झालेत उडून.”

“त्यातले दुसऱ्या विमानापासून वीस फुटांवर किती?”

“वीस फूट? अहो, पाच किलोमीटरवर दुसरं विमान आलं तर आम्ही लेखी तक्रार करायचो! तसा एकही तास नाही. देवाची कृपा.”

“मग देवाची कृपा वजा करू आणि शून्यापासून धरू.”

मैदानात चालणे हा त्या क्लबाचा जुना रिवाज. जे आभाळात करायचे ते आधी जमिनीवर पायी करायचे. चार पोक्त माणसे हात पसरून शंकरपाळ्यात चालत, एकदम वळत, पुढच्याने हात वर केला की ‘दिसले’ म्हणून मान हलवत. सर्वांत पुढे हंसाताई, दोन नंबरला गावचे दातांचे डॉक्टर, तीन नंबरला साखर कारखान्यातले केमिस्ट, आणि शेवटी, सर्वांच्या पाठीकडे बघत, कॅप्टन रणनवरे. शेजारच्या शेतातल्या बायकांनी खुरपणी थांबवली.

“आगं, सायबाला झालंय तरी काय?”

“पेन्शन सुरू झाली की होतंय तसं. आमच्या मामंजींनी कोंबड्या पाळल्या.”

नियम फार नव्हते. शेवटच्याने फक्त पुढच्या विमानाकडे पाहायचे. समोरच्या तबकड्यांच्या काट्यांकडे नाही, गावाकडे तर नाहीच. आणि पुढचे विमान दिसेनासे झाले, तर त्याच क्षणी रेडिओवर ‘चार, दिसत नाही’ असे म्हणून खाली आणि मागे निघून जायचे. अंदाजाने जवळ राहायचे नाही.

बारा उड्डाणे झाली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. सगळे सुरळीत चालले होते. मग ताफा पश्चिमेकडे वळला, ऊन कॅप्टनसाहेबांच्या डोळ्यांवर आले आणि त्या झगमगाटात हंसाताईंचे विमान गडप झाले. बोलायचे शब्द त्यांच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. एकोणीस हजार तासांचा माणूस ‘दिसत नाही’ म्हणणार? त्यांनी श्वास रोखून अंदाजाने विमान धरून ठेवले. पाच सेकंदांनी पुढचे विमान दिसले, ते अगदी जिथे दिसायला हवे तिथेच. कॅप्टनसाहेब स्वतःवर बेहद्द खूश झाले.

उतरल्यावर चहा. इथेही रिवाज होता : प्रत्येकाने आपली चूक आपणच सांगायची आणि निकाल त्यानंतर.

“मी वळताना बाहेर सरकलो,” डॉक्टर म्हणाले.

“मला एक खूण उशिरा कळली,” केमिस्ट म्हणाले.

“माझं काही नाही,” कॅप्टनसाहेब म्हणाले. “चहात साखर कमी आहे एवढंच.”

हंसाताईंनी वहीत लिहिले : नापास.

“हे काय? मी इंचभर तरी हललो का?”

“वळताना मी हात वर केला होता. आरशात तुमचं तोंड दिसत होतं, पण तुम्ही मान हलवली नाहीत. किती वेळ दिसत नव्हते मी?”

कॅप्टनसाहेबांनी कपात पाहिले. “पाचेक सेकंद. पण होतो ना बरोबर जागेवर!”

“होतात. लॉटरी लागलेल्यालाही आपलं गणित पक्कं आहे असंच वाटतं.”

“ताई, ‘दिसत नाही’ असले शब्द मी प्रवाशांना ऐकवले असते, तर विमानात कुणी बसलं असतं का?”

“इथे प्रवासी नाहीत. इथे तिघंजण आहेत आणि ते तुमच्या त्या शब्दांच्या भरवशावर उडताहेत. कार्यक्रमाला आठ दिवस आहेत. परीक्षा आणखी एकदाच देता येईल, तीही शेवटच्या जागेसाठी. आणि तो फलक उतरवा.”

कॅप्टनसाहेब राजीनामा लिहायला हँगरमध्ये गेले. टेबल तिथेच होते. दस्तगीर मिस्त्री इंजिनात डोके घालून बसले होते. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, “साहेब, ही इंजिनं बिघडली की आधी खोकतात. खोकतंय त्याला मी भीत नाही. जे न खोकता बंद पडतं, त्याच्यावर माणूस बसवायला माझा हात धजत नाही.”

कॅप्टनसाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शिडी लावून त्यांनी फलक उतरवला. एसटी स्टँडवरच्या यच्चयावत प्रवाशांनी तो सोहळा पाहिला. मग ते मैदानात आले आणि डॉक्टर-केमिस्टांच्या मागे हात पसरून चालू लागले. आठवड्याच्या शेवटी ते पास झाले : क्रमांक चार.

कार्यक्रमाला सारा तालुका लोटला. ताफा दोनदा डोक्यावरून गेला. तिसऱ्या फेरीला मावळतीकडे वळताना पुन्हा तेच ऊन, तोच झगमगाट. हंसाताईंचे विमान गडप. खाली पाच हजार माणसे माना वर करून उभी होती.

“चार, दिसत नाही,” कॅप्टनसाहेब म्हणाले आणि खाली, मागे निघून गेले.

शंकरपाळ्याचे एक टोक तुटून खाली आले, लांब वळसा घालून वर चढले. “एक नंबर, आता दिसताय. येऊ का?” कॅप्टनसाहेबांनी विचारले. “या,” हंसाताई म्हणाल्या. टोक अलगद जागेवर बसले. खाली टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ झाला.

विमाने उतरताच नगराध्यक्षांनी तीन जणांना ओलांडून हार थेट चौथ्याच्या गळ्यात घातला. “कॅप्टनसाहेब, सगळ्यात भारी तुमची डुबकी! ही खास आमच्यासाठी बसवली होती ना?” असे म्हणून त्यांनी माइक पुढे केला.

नुसते हसून मान हलवली असती तरी पुरे होते. कॅप्टनसाहेबांनी हंसाताईंकडे पाहिले. त्या बशीत चहा ओतत होत्या.

“बसवलेली नव्हती,” कॅप्टनसाहेब माइकवर म्हणाले. “मला पुढचं विमान दिसत नव्हतं, म्हणून बाजूला झालो.”

मग मागून खुरपणीवाल्या बाईंचा खणखणीत आवाज आला, “मग उद्या बी नका बघू सायेब, लई झ्याक दिसत हुतं!” पाच हजार माणसे हसली आणि त्यात सगळ्यात मोठ्याने कॅप्टन रणनवरे हसले.

चहाच्या वेळी ते आपणहून पहिले बोलले. “माझी चूक. अर्धा सेकंद उशिरा बोललो.”

“पाऊण,” हंसाताई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. “पुढल्या वर्षी पुढच्या जागेची परीक्षा देता येईल. मैदानात चालण्यापासून.”

“चालतो की. दुपारी यायचं का संध्याकाळी?”

त्या फलकाची मागची बाजू कोरी निघाली. दस्तगीर मिस्त्री हल्ली त्यावर इंजिनाचे नट-बोल्ट मांडतात.

तात्पर्य : डोळ्यांपुढे अंधार असताना ज्याचा अंदाज बरोबर निघतो, तो फक्त नशीबवान; ‘मला दिसत नाही’ असे जो वेळेवर सांगतो, त्याच्याच शेजारून निर्धास्त उडावे.