सरकारांचा फाळका

फाळका काही केल्या लागेना!

चार गडी ढकलून थकले. ड्रायव्हर हैबती घामानं निथळला. तांबेखडीच्या उदाजीराव सरकारांच्या नव्या पिकअपमध्ये दोन डर्ट बाइक चढवल्या होत्या. चिखलात, मातीत उड्या मारायच्या त्या उंच गाड्या. दोघा राजपुत्रांची आज शर्यत. गाड्यांना दिवा नाही, नंबर नाही, म्हणजे रस्त्यावरून पळवायची सोय नाही. पिकअपमधूनच न्यायला हव्यात. आणि पिकअप कशी? पुढं पाच जण ऐसपैस बसतील, मागं हौदा मात्र पाळण्याएवढा! दोन्ही गाड्यांची मागची चाकं हातभर बाहेर.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, पाडून ठेवला असता तर काम झालं असतं. पण त्या फाळक्यावर बाहेरून सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'श्रीमंत उदाजीराव सरकार, तांबेखडी'. फाळका पाडला की नाव जमिनीकडं तोंड करून लोंबणार.

"आमचं नाव खाली?" सरकार गरजले. राज्य कधीच गेलं होतं, मिशा तेवढ्या राहिल्या होत्या. गाड्या चढवताना फाळका पाडला, तेवढ्या वेळापुरतीही नावावर शाल पांघरली होती आणि सरकार आंब्याकडं तोंड करून उभे राहिले होते.

हैबती हळूच म्हणाला, "सरकार, हौदा जरा आखूड..."

"आखूड?" पिकअप सरकारांनी स्वतः पसंत केलेली. त्यांनी दिवाणजींकडं पाहिलं.

"छे, छे!" दिवाणजी म्हणाले. "हौदा अगदी बेतात आहे, सरकार. गाड्याच उगाच लांब आहेत."

"गाड्याही आम्हीच घेतल्या, दिवाणजी."

"मग गाड्याही बेतात आहेत. ह्या हैबतीलाच भरता येत नाहीत!"

धाकटे राजपुत्र म्हणाले, "आबासाहेब, पुढची चाकं काढू या की."

"सकाळी तुमच्या आईसाहेबांनी पूजा केली त्या गाड्यांची. शर्यतीच्या दिवशी लंगड्या करायच्या?"

"मग भाड्यानं टेम्पो..."

"तांबेखडीच्या गाड्या भाड्याच्या टेम्पोत? उद्या म्हणाल, आम्ही एसटीनं यावं!" सरकारांनी काठी आपटली. "हैबती, नीट ऐक. दोन्ही गाड्या एकाच खेपेत जातील. चाक निघणार नाही. आमचं नाव खाली जाणार नाही, झाकलंही जाणार नाही. आमचा चहा होईपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर किल्ली ठेव आणि खोली रिकामी कर!"

हैबती मटकन खाली बसला.

त्याची लेक केशर भाकरी घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं. पागेमागच्या त्या खोलीतच ती जन्मली होती, त्याच खोलीत तिच्या आईनं डोळे मिटले होते. आता आबाला घेऊन जायचं कुठं?

ओसरीवर बशीत चहा ओतत सरकार म्हणत होते, "दिवाणजी, हल्ली आमची गाडी रस्त्यानं गेली तरी कुणाचा हात मुजऱ्याला उठत नाही. माणसं नुसती बघत राहतात!"

"तेजानं दिपतात, सरकार!"

केशरनं एकदा ओसरीकडं पाहिलं, एकदा फाळक्याकडं. मग ती हसली.

"आबा, फाळक्याच्या खिळी काढा."

"अगं, नोकरी जाईल!"

"ती तर गेलीच आहे. मग फाळक्यानं काय घोडं मारलंय?"

खिळी निघाल्या. शालीसकट फाळका उचलला. केशर गोठ्याकडं पळाली आणि बैलांचे कासरे घेऊन आली.

चहा संपला. दिवाणजी पुढं आले आणि किंचाळले, "सरकार, घात झाला! हिनं आपलं नाव उपटलं!"

सरकार ताडताड पायऱ्या उतरले. "फाळका कुठं आहे?"

"जरा मान वर करा, सरकार," केशर म्हणाली.

फाळका टपावर उभा बांधला होता, तोंड पुढच्या रस्त्याकडं करून. सोनेरी अक्षरं उन्हात झळकत होती.

"नाव खाली जायचं नाही म्हणालात, मी वर नेलं. झाकायचं नाही म्हणालात, शाल घडी घालून ठेवली."

"पण नाव मागं असायची रीत आहे!" दिवाणजी ओरडले.

"म्हणून तर मुजरे हुकले, दिवाणजी! सरकार पुढं निघून जायचे, धुरळा बसायचा, तेव्हा कुठं लोकांना कळायचं कोण गेलं ते. मग मुजरा करायचा कुणाला? धुरळ्याला?"

सरकारांची मिशी जराशी हलली. पण ते इतक्यात हार मानणारे नव्हते.

"आणि गाड्या मागून पडल्या तर?"

"दोन्हींच्या माना दाबून कासऱ्यांनी आवळल्यात. मी उधळलेला खोंड आवळते, सरकार. त्याला निदान स्वतःचं मन असतं. ह्या बापड्यांना कुठलं मन!"

सरकारांनी स्वतः एक गाडी ओढून पाहिली. पिकअप हलली, गाडी हलली नाही.

दिवाणजींना शेवटची युक्ती सुचली. "सरकार, बाहेर आलेल्या मालाला लाल फडकं लावावं लागतं, नाहीतर पोलीस अडवतात. श्रीमंतांच्या गाडीला फडकं लावायचं? शोभेल का?"

"मुळीच शोभणार नाही," केशर म्हणाली. "फडकं कशाला हवं? दिवाणजींचा फेटा चांगला लालभडक आहे. दिवाणजीच बसतील की मागं!"

सरकारांची मिशी हलली, मग गाल हलले, मग पोट हललं. "हा हा हा! बसा दिवाणजी, बसा! हौदा अगदी बेतात आहे, तुम्हीच म्हणालात!"

डोळे पुसत ते हैबतीकडं वळले. "किल्ली तुझीच. आणि खोली आजपासून केशरची. तिला तिथून ऊठ म्हणणारा आमच्यासकट कुणी नाही! पोरी, दिवाणजींची पुढची जागा मोकळी झालीच आहे. चढ!"

वेशीपाशी समोरून एक बैलगाडी आली. गाडीवानानं टपावरचं नाव वाचलं आणि झटकन हात कपाळाला नेला. सरकार खुशीत मागं वळून म्हणाले, "पाहिलंत, दिवाणजी?"

दिवाणजींना काहीच दिसत नव्हतं. दोन्ही हातांनी फेटा धरून ते धुरळा खात होते.